डोळे दोन, नोंद एक : महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंची नेत्रतपासणी व नेत्रदुखापती – एक चिकित्सा

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांसाठी संघ पाठविताना खेळाडूच्या तंदुरुस्तीचा जो वैद्यकीय दाखला घेतला जातो, त्यात डोळ्यांच्या वाट्याला फार तर एक रकाना येतो आणि त्या रकान्यात 'समाधानकारक' किंवा '६/६' एवढीच नोंद आढळते. ही दृष्टी कोणत्या डोळ्याची, ती चष्म्यासह मोजली की चष्म्याविना, आणि खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर उतरतो तेव्हा चष्मा त्याच्या डोळ्यांवर असतो की बाकावरच्या पिशवीत, या प्रश्नांना त्या रकान्यात जागाच नसते. वय, प्रवेशाचा दिनांक, उत्तीर्ण परीक्षा यांच्या पात्रतेबाबत आपण जेवढे काटेकोर असतो त्याच्या दशांशाने जरी डोळ्यांबाबत असतो, तरी प्रस्तुत लेखाचे प्रयोजन उरले नसते. नेत्रतपासणी आणि नेत्रदुखापत हे दोन विषय आपल्याकडे स्वतंत्रपणे हाताळले जातात. तपासणी आरोग्य शिबिराकडे आणि दुखापत प्रथमोपचार पेटीकडे. वास्तविक पहिल्याचे मुख्य प्रयोजन दुसऱ्यात आहे. कोणत्या खेळाडूचा एक डोळा गेला असता त्याचे सर्वस्व जाईल, हे आधी शोधून काढणे हेच महाविद्यालयीन तपासणीचे पहिले काम होय, आणि नेमके तेच काम सध्याच्या पद्धतीत होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संशोधनाचा साचा

या विषयावर शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात जे लेखन होते, त्याचा एक साचा ठरून गेला आहे. तीस खेळाडू आणि तीस अखेळाडू निवडावेत, त्यांची दृष्टितीक्ष्णता, प्रतिक्रियाकाल किंवा हस्तनेत्र समन्वय मोजावा, 'टी' मूल्य काढावे आणि खेळाडूंची दृष्टिक्षमता अखेळाडूंपेक्षा सरस असल्याचा निष्कर्ष नोंदवावा. यात सांख्यिकीची चूक असतेच असे नाही. चूक असते ती प्रश्नात. ज्यांना चेंडू नीट दिसत नाही ते संघनिवडीपूर्वीच गळालेले असतात. उरलेल्यांची दृष्टी चांगली निघाली तर ती खेळाने सुधारली की चांगल्या दृष्टीमुळे ते खेळात टिकले, हे अशा आराखड्यातून कळू शकत नाही. त्यातही दोन्ही डोळे उघडे ठेवून मोजलेली दृष्टी ही व्यवहारतः चांगल्या डोळ्याचीच दृष्टी असते. दुसरा डोळा कितीही अधू असला तरी तो या मोजमापात झाकला जातो. सरासरी काढणाऱ्या संशोधकाला हा तपशील किरकोळ वाटेल, परंतु ज्या विद्यार्थ्याचा तो डोळा आहे त्याच्या दृष्टीने सगळा मुद्दा तेथेच आहे.

दुखापतींच्या बाबतीत तर साचाही नाही. घोटा मुरगळणे, गुडघ्याचे अस्थिबंध फाटणे, बोट निखळणे यांची निदान चर्चा तरी होते. डोळ्याला बोट लागले की खेळाडू पाणी मारतो, दोन मिनिटे बसतो आणि पुन्हा खेळायला जातो. नोंदवहीत काहीच उतरत नाही. नोंदच नसल्यामुळे दुखापत नाही असे मानले जाते, आणि दुखापत नाही म्हणून नोंदीची गरज नाही असेही मानले जाते.

परकीय आकडे आणि आपले मैदान

आपली आकडेवारी नसल्याने अभ्यासक परदेशी आकड्यांचा आधार घेतात. तो घ्यावा, पण पारखून घ्यावा. या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेच्या म्हणजे एनबीएच्या खेळाडूंवरचा असून तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९९२ ते जून १९९३ या काळात नोंदल्या गेलेल्या १,०९२ दुखापतींपैकी ५९, म्हणजे सुमारे ५.४ टक्के, दुखापती डोळा व त्याच्या भोवतालच्या भागाच्या होत्या. त्यांतील निम्म्या पापणीवर खरचटण्याच्या किंवा ती फाटण्याच्या होत्या. पारपटलावर, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक आवरणावर, ओरखडा पडल्याची उदाहरणे सुमारे १२ टक्के होती. कारणांमध्ये प्रतिस्पर्ध्याचे बोट (सुमारे ३६ टक्के) आणि कोपर (सुमारे २९ टक्के) आघाडीवर होते. दुखापत झालेल्यांपैकी जवळजवळ सर्वांनीच संरक्षक चष्मा घातलेला नव्हता.

दुसरा अभ्यास २०१६ सालचा. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत २०१० ते २०१३ या काळात खेळामुळे डोळ्याला इजा होऊन वर्षाकाठी सरासरी तीस हजारांवर लोक आले आणि त्यांत बास्केटबॉलचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे २३ टक्के, होता. हा आकडा आपल्याकडे अनेकदा बास्केटबॉल हा डोळ्यांसाठी सर्वांत घातक खेळ असल्याचा पुरावा म्हणून मांडला जातो. तसे त्यातून सिद्ध होत नाही. ज्या देशात गल्लोगल्ली बास्केटबॉल खेळला जातो तेथे बास्केटबॉलचे जखमी अधिक असणारच. किती जण किती तास खेळले हा छेद त्या टक्केवारीखाली नाही. सोलापूर जिल्ह्यात असा हिशेब मांडला तर कदाचित विटीदांडू आणि क्रिकेट यांनी पहिला क्रमांक पटकावला असता.

मग या अभ्यासांतून घेण्यासारखे काय उरते? उरते ते दुखापतीचे यंत्र. आकडे देशागणिक बदलतात. कोपर आणि बोट मात्र सगळीकडे सारखेच. पुरुषांच्या बास्केटबॉलचा परीघ सुमारे ७५ ते ७७ सेंटीमीटर, म्हणजे व्यास सुमारे २४ सेंटीमीटर. नेत्रकोटराचे तोंड जेमतेम चार सेंटीमीटर रुंद. त्यामुळे चेंडू तोंडावर आदळला तरी भुवईचे हाड, गालाचे हाड आणि नाक त्याचा बहुतांश आघात पेलतात. बॅडमिंटनचे फूल किंवा स्क्वॉशचा चेंडू मात्र नेमका त्या खोबणीत शिरतो, म्हणून ते खेळ नेत्रतज्ज्ञांना अधिक धास्तीचे वाटतात. बास्केटबॉलमध्ये खोबणीत शिरते ते बोट. फलकावरून परतणारा चेंडू झेलण्यासाठी सहा-आठ हात एकाच वेळी वर जातात आणि खाली येतात ते कोणाच्या तरी चेहऱ्यावरून. उपरोक्त अभ्यासातही अशा क्षणी झालेल्या दुखापती सुमारे तीस टक्के होत्या. ज्याची उंची कमी त्याच्या डोळ्यांची पातळी इतरांच्या कोपरांच्या पातळीला येते, हे कोणत्याही क्रीडाशिक्षकाला आकडेवारीवाचून ठाऊक आहे.

येथे एक फरक मात्र नोंदविला पाहिजे. व्यावसायिक खेळाडूच्या बाजूला वैद्यकीय पथक बसलेले असते, त्याचे मैदान बंदिस्त आणि लाकडी असते. आपला खेळाडू उघड्यावर, सिमेंटच्या किंवा मातीच्या मैदानावर, धुळीत खेळतो, आणि चष्म्याचा नंबर असेल तर पुष्कळदा चष्मा काढून खेळतो. तेव्हा अमेरिकेतील ५.४ टक्के हा आकडा सोलापूरला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखे आहे.

नियम कोणाचे रक्षण करतो?

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, म्हणजे फिबाचे, नियम या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. इतर खेळाडूंना धोका होणार नसेल तर चष्मा घालण्यास नियमांची अनुमती आहे, आणि नखे बारीक कापलेली असावीत असेही त्यात म्हटले आहे. दुसरी सूचना मोलाची आहे. पारपटलावरील ओरखडे बव्हंशी नखांचेच असतात. मात्र सामन्यापूर्वी खेळाडूंचे क्रमांक व गणवेश पाहिले जातात तितक्या आस्थेने नखे पाहिली जातात असे म्हणवत नाही. पहिल्या सूचनेत तर एक मूलभूत उणीव आहे. तिच्यात विचार केला आहे तो चष्मा न घालणाऱ्याचा. घालणाऱ्याच्या डोळ्यापुढे काच आहे की प्लास्टिक, चौकट धातूची आहे की नाही, कोपर लागल्यावर ते सारे कोठे जाईल, याबद्दल नियम मौन बाळगतो.

रोजच्या वापराचा चष्मा मैदानावर संरक्षण देत नाही, उलट काही वेळा इजा वाढवितो. साधी काच फुटते. सर्वसामान्य प्लास्टिक काच काहीशी बरी, पण तीही जोरदार आघाताने तडकू शकते. धातूच्या चौकटीची कड पापणी कापते. चष्मा पडू नये म्हणून मागून लवचिक पट्टी बांधण्याची युक्ती सर्वत्र दिसते. तिने चष्मा पडत नाही हे खरे, परंतु आघात झाल्यावर निसटून जाण्याची त्याची वाटही बंद होते. खेळासाठी योग्य मानला जातो तो पॉलिकार्बोनेट काचांचा, चेहऱ्याला बेतलेला, कडांना मऊ आधार असलेला संरक्षक चष्मा. अमेरिकेत त्यासाठी एफ ८०३ हे मानक आहे. स्पर्शभिंगांनी, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सने, दिसणे सुधारते, संरक्षण शून्य मिळते. आणि धुळीच्या मैदानावर ती घालणे हा एक वेगळाच धोका आहे. आमच्या नवी पेठेच्या बाजारात क्रीडासाहित्याच्या खरेदीला येणारे संघ बूट, गुडघ्याच्या पट्ट्या, चेंडू, गणवेश यांची यादी घेऊन येतात. त्या यादीत संरक्षक चष्मा नसतो, म्हणून तो सहजी मिळतही नाही.

संरक्षक चष्म्याने खेळ बिघडतो, हा आक्षेप नेहमीचा आहे. त्याला करीम अब्दुल-जब्बार यांची कारकीर्द हे पुरेसे उत्तर ठरावे. जानेवारी १९६८ मध्ये, महाविद्यालयीन खेळाडू असतानाच, त्यांच्या डोळ्याच्या पारपटलावर ओरखडा पडला. १९७४ मध्ये हंगामापूर्वीच्या सामन्यात पुन्हा डोळ्याला लागले. संतापाने त्यांनी बास्केटच्या खांबावर ठोसा मारला, हाताचे हाड मोडले आणि त्यांना सोळा सामन्यांना मुकावे लागले. त्यानंतर ते संरक्षक चष्मा वापरू लागले आणि तो त्यांची ओळखच बनला. १९८९ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ते निवृत्त झाले तेव्हा ३८,३८७ गुणांचा विक्रम त्यांच्या नावावर होता. तो २०२३ पर्यंत अबाधित राहिला. या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एवढा मोठा खेळाडू संरक्षणाकडे वळला तो दुसऱ्या दुखापतीनंतर. आपल्या विद्यार्थ्याला दुसरी संधी मिळेलच याची शाश्वती नाही.

असमान डोळ्यांचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. लहानपणी एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच अधिक असेल, किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा स्वीकारणे हळूहळू सोडून देतो. यालाच बोलीत आळशी डोळा म्हणतात. बाहेरून डोळा निरोगी दिसतो. मूल चांगल्या डोळ्याच्या बळावर वाचते, सायकल चालवते, बास्केटमध्ये चेंडूही टाकते. अंतराचा अंदाज ते सरावाने बसविते. स्वतःला एकाच डोळ्याने नीट दिसते हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते, कारण दोन डोळ्यांनी पाहण्याचा अनुभव तुलनेला उपलब्ध नसतो. अशा खेळाडूच्या चांगल्या डोळ्यात बोट गेले तर त्याचे नुकसान एका डोळ्याचे राहत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००४ मध्ये तरुण खेळाडूंच्या नेत्रसंरक्षणाविषयी संयुक्त भूमिका जाहीर केली. योग्य चष्मा लावूनही ज्याच्या अधू डोळ्याची दृष्टी ६/१२ पेक्षा कमी आहे, त्याला व्यवहारतः एकाक्ष मानावे आणि इजेचा धोका असलेल्या खेळांत त्याला संरक्षक चष्मा सक्तीचा असावा, असे तीत म्हटले आहे. मुष्टियुद्धासारखे मोजके प्रकार वगळता त्याला खेळापासून दूर ठेवावे असे मात्र म्हटलेले नाही. हा भेद आपल्याकडे नीट पोहोचलेला नाही. तपासणीत दोष निघाला तर संघातून वगळले जाईल, या भीतीने खेळाडू दोष लपवितो, मित्राकडून तक्त्याच्या ओळी पाठ करून येतो. तपासणीचा हेतू वगळण्याचा नसून सांभाळण्याचा आहे, हे क्रीडाशिक्षकाने आधी सांगितले नाही, तर तक्ता कितीही शास्त्रशुद्ध असला तरी फसवणूक होणारच.

शासकीय योजनांची रचना पाहता या वयोगटात मोठी फट पडली आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात शालेय नेत्रतपासणीचा अंतर्भाव झाला. महाराष्ट्रातच, पालघर येथे, २०१३ मध्ये आरंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी आहे. पदवी महाविद्यालयातील खेळाडू साधारणपणे अठरा ते पंचवीस वयाचा. तो या दोन्हींच्या कक्षेबाहेर पडलेला असतो. शाळेत कधी तरी एका दुपारी झालेली तपासणी हीच बहुतेकांची अखेरची. निकटदृष्टितेचा नंबर याच वर्षांत वाढत असतो, आणि सहाच्या पुढचा नंबर असलेल्या डोळ्याचे दृष्टिपटल पातळ असल्याने ते सुटण्याचा धोका अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही फट किती अयोग्य ठिकाणी पडली आहे ते कळते.

दिव्यांगांच्या नोंदीतूनही हा विद्यार्थी निसटतो. २०१६ च्या कायद्यान्वये लाभांसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्व लागते. एका डोळ्याची दृष्टी संपूर्ण गेली आणि दुसरा उत्तम असला तर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते तीस टक्के भरते. कायद्याच्या दृष्टीने तो दिव्यांग नाही, महाविद्यालयाच्या दृष्टीने तंदुरुस्त आहे, आणि मैदानावर त्याच्याजवळ एकच डोळा आहे.

एकाक्ष खेळाडूविषयीची आपली कल्पना मन्सूर अली खान पतौडी यांच्याभोवती घडली आहे. १९६१ मध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावूनही वर्षाच्या आत ते भारताचे कर्णधार झाले. ही जिद्द वंदनीयच आहे. तथापि उरलेला डोळा कसा सांभाळावा, याचा विचार त्या गौरवगाथेत कोठेच येत नाही. दुसऱ्या टोकाला सबा करीम यांचे उदाहरण आहे. २००० साली ढाक्यात यष्टिरक्षण करताना चेंडू डोळ्यावर लागला आणि त्यांची कारकीर्द तेथेच संपल्यात जमा झाली. पहिली गोष्ट आपण विद्यार्थ्यांना सांगतो, दुसरी सांगत नाही.

दुखापतीनंतरचे अठरा तास

दुखापत झाल्यावर काय करावे, या बाबतीत एनबीएपेक्षा नेपाळ आपल्याला जवळचे आहे. भक्तपूर जिल्ह्यातील पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांनी पारपटलावर ओरखडा पडलेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉल हे साधे प्रतिजैविक मलम दिले. अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकाच्याही डोळ्यात व्रण झाला नाही. त्यानंतर आलेल्यांत व्रणाचे प्रमाण विलंबाबरोबर वाढत गेले. तेथील जखमा बव्हंशी शेतीकामातल्या, मैदानावरच्या नव्हेत, हे मान्य. तरी ओरखड्यातून जंतू आत शिरण्याची प्रक्रिया तीच आणि आपल्याकडची धूळही त्याच जातीची.

आता हे अठरा तास आपल्या वेळापत्रकाशी ताडून पाहावेत. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले; २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. जिल्हा एकच असला तरी करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. दुपारी चारला सामन्यात डोळ्याला नख लागते. खेळाडू संघासोबत संध्याकाळची एस. टी. पकडतो, रात्री उशिरा गावी पोहोचतो, डोळ्यात तूप किंवा गुलाबपाणी घालून झोपतो. सकाळी दहाला दवाखाना उघडतो तेव्हा अठरा तास पूर्ण झालेले असतात. शहरात होता तेव्हा, वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय त्याच्यापासून रिक्षाच्या अंतरावर होते. म्हणून संघाला परतीच्या गाडीत बसविण्यापूर्वी डोळ्याला लागलेल्या खेळाडूला रुग्णालयात दाखविणे हे संघव्यवस्थापकाचे कर्तव्य मानले पाहिजे.

औषध दुकानातून चिठ्ठीविना थेंब आणण्याची सवय याहून घातक आहे. त्या थेंबांत पुष्कळदा प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असते. लाली उतरते, खुपणे थांबते, खेळाडूला बरे वाटते आणि आत बुरशीचा संसर्ग असेल तर तो फोफावतो. कोपराचा मार बसल्यावर दिसणे अंधुक झाले, डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा चमक दिसू लागली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, किंवा बुबुळापुढे रक्त साचलेले दिसले, तर त्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये आणि डोळा चोळू वा दाबू देऊ नये. बोथट मारानंतर काही जणांच्या डोळ्यांतील दाब कित्येक वर्षांनी वाढतो आणि काचबिंदू होतो. तेव्हा त्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील तो सामना आठवतही नाही.

काही प्राध्यापक म्हणतील की, क्रीडा विभागाकडे एवढा निधी आणि मनुष्यबळ नाही. संरक्षक चष्म्यांच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांतून येणाऱ्या विद्यार्थ्यावर तो खर्च लादता येणार नाही, तो महाविद्यालयाने गणवेशाप्रमाणेच उचलला पाहिजे, निदान ज्यांचा एक डोळा अधू आहे त्यांच्यापुरता तरी. तपासणीच्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकत नाही. सहा मीटरची मोकळी जागा, एक तक्ता आणि डोळा झाकण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा एवढेच साहित्य लागते. तळहाताने डोळा झाकू देऊ नये, बोटांच्या फटीतून दिसते. उजवा आणि डावा डोळा वेगवेगळा तपासावा. चष्मा असेल तर चष्म्यासह, आणि तो खेळताना काढत असेल तर चष्म्याविनाही. दोन डोळ्यांत तक्त्याच्या दोन ओळींचा फरक आढळला, किंवा एक डोळा ६/१२ ची ओळ वाचू शकला नाही, तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. बारा खेळाडूंच्या संघाला याला फार तर एक तास लागेल. आरोग्य शिबिराच्या उद्घाटनाची भाषणे याहून अधिक वेळ चालतात.

प्रवेशिकेसोबतच्या दाखल्यातील 'दृष्टी' हा रकाना उभा चिरून त्याचे उजवा आणि डावा असे दोन भाग करण्यास कोणत्याही विद्वत्सभेच्या ठरावाची वाट पाहावी लागत नाही. स्पर्धांचा पुढचा हंगाम पावसाळ्यात सुरू होईल आणि दाखल्याचे छापील अर्ज त्यापूर्वीच मागवावे लागतील.